रिॲलिटी शोमधल्या स्पर्धकांच्या गरिबीच्या कहाण्या खऱ्या असतात की चॅनलवाले बनवतात?

शक्यतो खऱ्याच असतात ओ, फक्त वेचून काढलेल्या असतात. माणसाच्या वीस-पंचवीस वर्षांतलं दोन मिनिटांच्या एव्हीत (स्पर्धकाची ओळख करून देणारी छोटी फिल्म) बसेल तेवढंच घेतात, म्हणजे घराचा पत्रा, चूल, पदराला डोळे पुसणारी आई आणि मागून व्हायोलिन. बाकीचं एडिटिंगमध्ये उडतं.

इंडियन आयडॉलचा ११वा सीझन बघा. २०२० च्या फेब्रुवारीत सनी हिंदुस्थानी जिंकला, पंजाबातल्या भटिंड्याचा पोरगा, बूट पॉलिश करायचा, आई फुगे विकायची, आणि गाणं कोणाकडे जाऊन नाही तर नुसरत फतेह अली खानांना ऐकून ऐकून शिकलेला. यात खोटं काही नाही आणि गायचाही जबरदस्त. पण त्याच फायनलला दुसरा कोण आला, तर आपल्या लातूरचा रोहित राऊत, २००८-०९ च्या मराठी सारेगमप लिटिल चॅम्प्समधल्या पंचरत्नांपैकी, म्हणजे फायनलला पोचलेल्या पाच पोरांपैकी एक! म्हणजे दहा-अकरा वर्षं स्टेजवर घासलेला माणूस परत ऑडिशनच्या लाइनीत. मला विचाराल तर ही गोष्ट पण तेवढीच भारी आहे, पण "लहानपणापासून गातोय आणि अजून जम बसवतोय" यावर कोण रडणार?

त्या लिटिल चॅम्प्सचंच घ्या ना, कार्तिकी गायकवाड आळंदीची, वडील स्वतः गायक आणि गुरू, आर्या आंबेकरची आई शास्त्रीय गायिका, तिनेच शिकवलं. घरात गाणं होतं म्हणून पोरं एवढ्या लहान वयात तशी गात होती. खरं बॅकग्राउंड म्हणतात ते हे, पगार किती आणि घर कच्चं की पक्कं हे नंतर.

आता गंमत ऐका. पहिला इंडियन आयडॉल अभिजीत सावंत (२००५ चा विनर) २०२१ मध्ये एका मुलाखतीत बोलला होता की हल्ली मेकर्सना टॅलेंटपेक्षा स्पर्धक बूट पॉलिश करतो का, किती गरीब आहे यातच जास्त इंटरेस्ट असतो, प्रादेशिक शोमध्ये असं नसतं. आणि २०२४ ला तोच बिग बॉस मराठीच्या पाचव्या सीझनला गेला आणि दुसरा आला, कोणाच्या मागे? सूरज चव्हाणच्या! बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, आईवडील लहानपणीच गेलेले, बहिणींनी सांभाळलेला, शिक्षण जेमतेम, टिकटॉकवर "झापुक झुपूक" असले डायलॉग मारून फेमस झालेला. ट्रॉफी आणि १४ लाख ६० हजार घेऊन गेला.

तेव्हा फेसबुकवर नुसता राडा चालू होता, सिम्पथीवर जिंकला, खेळलाच नाही वगैरे. मी स्वतः अभिजीतच्या बाजूने होतो, पण हे सिम्पथीचं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, कारण सूरजला आधीपासून गावागावातली पोरं फॉलो करत होती, चॅनलने त्याला शून्यातून उभा नाही केला, त्याची पब्लिक होती म्हणून त्याला घेतला. ते पत्र्याचं घर एव्हीत दिसलं पण एवढी वर्षं लोकांच्या शिव्या खात व्हिडिओ टाकत राहिला त्याचं काय? ती पण मेहनतच की.

शिव ठाकरेचं पण तसंच, अमरावतीचा साधा मुलगा म्हणून ओळख, पण २०१९ ला बिग बॉस मराठी जिंकायच्या आधी २०१७ ला रोडीज हा दुसरा रिॲलिटी शो करून आला होता, कॅमेऱ्यासमोर कसं राहायचं हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणाची एव्ही बघून डोळ्यात पाणी आलं तर येऊ द्या बिनधास्त, फक्त नंतर त्याचं नाव यूट्यूबवर टाकून जुने व्हिडिओ बघा. पाच-सात वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात नाहीतर दुसऱ्याच चॅनलच्या ऑडिशनला हमखास सापडतो.