कपाटात वर्षभर संक्रांत

या वेळचं पत्र कॅनडातून आलंय.

"काकू, मी मूळची सांगलीतल्या विश्रामबागची, आता अकरा वर्षं टोरांटोजवळ. ऑफिसला रोज काळी पँट, काळा नाहीतर ग्रे स्वेटर, वर काळा कोट. आपले कपडे दोन सूटकेस भरून बेडखाली पडलेत, गणपती आणि दिवाळीला निघतात, त्यातले निम्मे ब्लाऊज आता चढत नाहीत. सासूबाई दरवर्षी चार साड्या घेऊन ठेवतात, त्यांना नको म्हणवत नाही. मला नटायचं नाहीये ओ, पण आरशात बघितलं की कुणीतरी दुसरीच बाई उभी आहे असं वाटतं. डिसेंबरमध्ये तीन आठवडे सांगलीला येतेय. काय शिवून घेऊ, काय घेऊन जाऊ आणि काय काढून टाकू?"

अगं बाई, तुझ्या कपाटात तर वर्षभर संक्रांतच चालू आहे की! आपण काळं नेसतो ते एक दिवस, तेही तीळगूळ खात आणि पोरांना हलव्याचे दागिने घालत, आणि तू अकरा वर्षं रोज काळं घालून बर्फातनं ऑफिसला जातेस, मग आरशात दुसरी बाई दिसणार नाहीतर काय होणार.

तुझ्यासारख्या पोरी मी दर डिसेंबरला बघते. दुकान माझं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं, तीस वर्षं मशीनवर बसलेय, आणि डिसेंबर उजाडला की परदेशवाल्यांची रांग लागते, 'काकू, बावीसला फ्लाइट आहे, एकवीसला द्या.' आणि शिवून काय घेतात? चुलतभावाच्या लग्नाचा घागरा, हळदीचा पिवळा ड्रेस, रिसेप्शनचा डिझायनर ब्लाऊज ज्याच्या पाठीला डोरी आणि डोरीला नारळाएवढे गोंडे. मी विचारते, हे तिकडे कधी घालणार? तर म्हणतात, दिवाळीला. बरं, आणि मंगळवारी काय घालणार? मंगळवारचं कुणाच्याच डोक्यात नसतं. वर्षाचे दिवस ३६५, त्यात सणवार, लग्न, मंडळाचा कार्यक्रम सगळं धरून बारा-पंधरा होतात, पण बॅग भरते ती त्या पंधरा दिवसांची आणि उरलेल्या साडेतीनशे दिवसांना तिथल्या सेलमधला काळा स्वेटर. तुझा घोळ इथं आहे, वजनात नाही आणि वयातही नाही.

म्हणून या वेळी एक कर, मंगळवारचे कपडे शिवून घे. तीन आठवड्यात चार कुर्ते आणि दोन ब्लाऊज, बास. साधं सुती कापड, आपल्या इचलकरंजीच्या मागावरचं असो नाहीतर कुठल्या हातमागाचं, रंग मात्र जो तुला शाळेत असताना आवडायचा तो, मोरपंखी, डाळिंबी, आंबा, काय असेल ते. तिकडच्या हिवाळ्यात आभाळच राखाडी असतं, त्यात गळ्याशी थोडा रंग असला तरी माणूस जागं दिसतं. काळी पँट आणि काळा कोट टाकून देऊ नकोस, ते कामाचे आहेत, फक्त त्यांच्या मधे काहीतरी आपलं येऊ दे.

आता कुर्त्याची उंची. इथं सगळ्या फसतात. इथल्या आरशात गुडघ्याखाली चार इंच कुर्ता छान दिसतो, आणि तिकडे जाऊन वर कमरेपर्यंतचं जॅकेट घातलं की खालून तो कुर्ता असा लोंबतो की परकर बाहेर आल्यासारखा. तेव्हा येताना तुझ्या कोटाची उंची खांद्यापासून इंचात मोजून आण. एकतर कुर्ता कोटापेक्षा दोन बोटं आखूड पाहिजे, नाहीतर सरळ कमरेखाली संपणारी कुर्ती शिव. बाही पूर्ण पण अरुंद, कारण फुग्याच्या बाह्या स्वेटरमध्ये कोंबल्या की दंडाला उशी बांधल्यासारखं होतं. आणि आत थर्मल घालणार असशील तर माप देताना ते घालूनच दे, किंवा छातीत इंचभर जास्त सोडायला सांग. आणि खिसा! प्रत्येक कुर्त्याला खिसा सांगायचाच, टेलर टाळाटाळ करेल, ऐकायचं नाही.

एक चूक माझी सांगते, म्हणजे तुला अस्तराचं महत्त्व कळेल. चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीला जर्मनीला जायचं होतं, घाईघाईत तिला खणाचा कुर्ता शिवून दिला, जांभळा, हिरव्या काठाचा, इतका गोड झाला होता. पुढच्या थंडीत मी तिच्याकडे गेले तर तो खुंटीवर नुसता लटकलेला. म्हटलं घालत का नाहीस? तर म्हणाली मावशी, तूच घालून बघ. बघितलं तर बाहेरचा खण जसाच्या तसा आणि आतलं अस्तर आक्रसून वीतभर वर गेलेलं, सगळ्या शिवणी गोळा झालेल्या, पाठीवर फुगा. तिनं मशीनमध्ये धुवून ड्रायरमध्ये टाकला होता. तिला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण चूक ड्रायरची कमी आणि माझी जास्त होती, त्या घाईत मी अस्तर भिजवलंच नव्हतं. सुती अस्तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं असतं, हे मी शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगते, आणि स्वतः विसरले. दोन दिवस बसून उसवलं, तिथल्याच दुकानातनं कापड आणून नवं अस्तर लावलं, हातशिलाईनं, कारण तिच्याकडे मशीन नव्हतं.

तर तू काय करायचं, कापड घेतल्या दिवशीच, अस्तरासकट, आईच्या घरी बादलीत टाकायचं. त्याच पाण्यात कळतं रंग जातो की नाही ते पण. मग वाळवून टेलरकडे. 'आम्ही भिजवतो ताई' यावर डिसेंबरात विश्वास ठेवायचा नाही, माझ्यावर पण नाही. आणि तिकडे गेल्यावर सुती कपडे गार पाण्यात, उलटे करून, आणि ड्रायर नकोच, बाथरूममध्ये हँगरला लाव, हीटरच्या कोरड्या हवेत रात्रीत वाळतात.

ब्लाऊजचं सांगते. चढत नाहीत म्हणून लगेच टाकू नकोस, आधी उलटा करून बाजूच्या शिवणी बघ, चांगल्या टेलरनं आत कापड सोडलेलं असतं, दोन्हीकडून अर्धा-पाऊण इंच सहज सुटतं, ते उसवायला तुला टेलर नको, शेजारची बारकी कात्री पुरते. मात्र मुंढ्यात, म्हणजे काखेशी, काचत असेल, हात वर केला की ब्लाऊज अख्खा वर येत असेल, तर ते नुसतं उसवून भागत नाही, तो ब्लाऊज बहिणीला देऊन टाक. नवीन शिवताना बाजूला दीड-दीड इंच सोडायला सांग आणि हूक पुढे. हे मी फार आग्रहानं सांगते. पाठीमागच्या हुकाला दुसरं माणूस लागतं, इथं आई असते, जाऊबाई असते, तिकडे सकाळी आठ वाजता नवरा ट्रेनमध्ये आणि तू एकटी आरशासमोर पाठीवर हात वळवून हुकाशी झटापट करत, मग साडीचा नादच सुटतो. साड्या बेडखाली का जातात याचं निम्मं कारण हे असतं, बघ. त्यातनं एक लाल आणि एक काळा असे टू बाय टूचे साधे ब्लाऊज शिवले की त्यावर दहा साड्या निघतात.

'मापाचा ब्लाऊज' म्हणून कपाटातला तीन वर्षांपूर्वीचा ब्लाऊज कुणाच्या हाती पाठवू नका बायांनो. माप त्या वेळच्या तुमचं असतं. स्वतः या, आणि पोट आत ओढून उभ्या राहू नका, टेप काढल्यावर ते बाहेर येणारच आहे.

साडी हिवाळ्यात कशी नेसायची हे तू विचारलं नाहीस पण विचारणार होतीस. आत लोकरीचं थर्मल, वर सुती परकर, सॅटिनचा अजिबात नको. तिकडच्या कोरड्या हवेत सिंथेटिक साडी आणि सॅटिन परकर एकत्र आले की चटचट करंट मारतात आणि निऱ्या मांडीला चिकटून बसतात. ब्लाऊजच्या जागी अंगासरशी पोलो नेक घाल, काळा घाल, तुझ्याकडे आहेतच की रगड. आणि नेसायला इरकल काढ. अंगात सूत, पदर रेशमी, नेसायला सोपी, निऱ्या पडतात आणि राहतात. सांगली-मिरजेत कुणाच्या आजीच्या ट्रंकेत इरकल नाही असं घर शोधून सापडायचं नाही. जिच्यावरनं हे नाव पडलं ते इलकल गाव तिकडे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, पण इकडच्या बायका पदर घेऊन शेतात गेल्या त्या याच साडीत, म्हणजे ती रोजचीच साडी होती, आपण तिला कार्यक्रमाची केली. आजीची असेल तर आधी उजेडात धरून बघ, घडीवर विरली असेल तर नेसताना फाटणार. मग तिचा पडदा-उशी करण्यापेक्षा पदर वेगळा काढून ओढणी कर, गळ्यात घे. काढताना मात्र सांध्यावर कात्री लावू नकोस. अंगाचे धागे आणि पदराचे धागे तिथं एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात, तेच तर इरकलचं कौतुक, तेव्हा सांध्याच्या खाली अंगाचं चार बोटं कापड ठेवून काप.

चपला. कोल्हापुरी घेशील, घेच, २०१९ साली तिला जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं त्यात आपला सांगली जिल्हा पण आहे आणि सातारा पण, कोल्हापूरकरांना सांगायचं. पण ते कातडं झाडाच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, पाणी पिऊन फुगतं, आणि तुमच्या रस्त्यांवर बर्फाबरोबर मीठ असतं. बूट घालून जा, चपला पिशवीत, पोचल्यावर बदल. साडी बुटावर दोन बोटं उंच नेस, नाहीतर काठाला मिठाचे पांढरे डाग पडतात. बूट, कोट, थर्मल या गोष्टी तिकडच्याच घ्यायच्या, इथलं हिवाळ्यात मिळणारं स्वेटर उणे दहात म्हणजे मलमलीचा रुमाल.

हळदीचा डाग पडला तर आधी साबण लावू नकोस. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तसंच साबणानं तो डाग लाल होतो आणि बाई घाबरून आणखी घासते. नुसत्या गार पाण्यात खळबळून खिडकीत उन्हात टाक, ऊनच हळद खातं. सांगलीच्या मुलीला हे मी सांगावं म्हणजे कमालच आहे.

राहिल्या सासूबाई. त्यांना साडी नको असं म्हणायचंच नाही. त्यांना दुकानात जायचं असतं, गादीवर बसून दहा साड्या उलगडायला लावायच्या असतात आणि घरी येऊन 'सूनबाईला घेतली' म्हणायचं असतं, त्यात साडी हे निमित्त आहे. तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी तूच म्हण, आई, चला की, मला ऑफिसला घालायला कापड घ्यायचंय, रंग तुम्ही निवडा. एक दुपार जाईल, त्या खूश, तुझे चार कुर्ते त्यांच्या हातचे. आणि बेडखालच्या त्या जड जरीवाल्या, ज्या तू पाच वर्षांत उलगडल्या पण नाहीस, त्या येताना परत घेऊन ये. वजनाचं म्हणशील तर येताना बॅग रिकामीच असते, जातानाच २३ किलोत भडंग, हळद, मसाला यांची मारामारी. धाकट्या नणंदेला, चुलतबहिणीला दे, इथं लग्नात नेसतील तरी. मऊ सुती जुन्या असतील तर आईला सांग वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून घ्यायला, इथं अजून शिवणाऱ्या बायका आहेत, आणि तुझ्या त्या उणे दहात विकतच्या कुठल्याही ब्लँकेटपेक्षा ती वाकळ तू जास्त पांघरशील.

टिकलीबद्दल एका ओळीत, थंडीत कपाळ कोरडं पडतं आणि गोंदानं खाज सुटते, तेव्हा रात्री काढून ठेवायची, तीच टिकली आठवडाभर आरशावरनं कपाळावर करायची नाही.

ये मग. पण वीस डिसेंबरच्या आत ये, कापड भिजवून वाळवून आण, आणि कोटाचं माप चिठ्ठीवर लिहून आण. एकवीसला आलीस तर गोंडेवाल्यांच्या मागे रांगेत उभं राहावं लागेल.