या पत्रात मुलगी कुठे आहे?

प्रश्न: मुलगी टी. वाय. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, ६८ टक्के. तान्ह्या बाळांच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या प्लास्मिडवर, म्हणजे त्यांच्यातल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांवर, संशोधन करायचं म्हणते. जन्मभर शी तपासणार का? लग्न जमवताना काय सांगायचं? दोनदा मनाविरुद्ध मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दिली, आता तिसऱ्यांदा द्यावी असं आम्हाला वाटतं. प्लास्मिडचं काम तर पंधरा दिवसांच्या कोर्समध्येही शिकवतात.
– एक वडील, सांगली

उत्तर: सप्रेम नमस्कार. मला काळजी ६८ टक्क्यांची वाटत नाही. मुलीचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंत, याची वाटते. मनाविरुद्ध दोनदा दिली हे तुम्हीच लिहिता आणि तिसऱ्यांदा बसवायला निघता. ही परीक्षा आता तिची राहिलेली नाही, तुमची झाली आहे. ती थांबवा. लग्नाची चिंता तुमची. ती तिच्या विषयाच्या निवडीत आणू नका.

शीची लाज वाटण्याचं कारण नाही. १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीतच बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू सापडला. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचत नाहीत, त्यांवर हे जिवाणू पोसले जातात. त्यांचा कुठला जीन काय करतो हे कळायला जीन आत घालून किंवा बंद करून पाहावा लागतो. त्यासाठी हवं प्लास्मिड, जीन आत नेणारं वाहन.

पंधरा दिवसांत शिकवतात ते ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जिवाणूवर: ४२ अंशांवर पाऊण मिनिट उष्णतेचा धक्का, दुसऱ्या दिवशी प्लेटवर कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके. तेच प्लास्मिड बिफिडोबॅक्टेरियममध्ये टिकत नाही, कारण तिथे त्याच्या प्रती निघत नाहीत. म्हणून याच जिवाणूंमधलं छोटं प्लास्मिड शोधायचं (पुष्कळ स्ट्रेनमध्ये, म्हणजे उपप्रकारांमध्ये, ते नसतंच), त्याचा प्रती काढणारा भाग ई. कोलायच्या प्लास्मिडला जोडायचा आणि दोन्हीकडे चालणारं शटल व्हेक्टर बनवायचं. या जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून त्यांना वाढवायच्या एमआरएस माध्यमात ०.०५ टक्के सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि अनएरोबिक चेंबर, म्हणजे ऑक्सिजन नसलेली बंद पेटी. पेशी भराने वाढत असतानाच काढायच्या, बर्फावर ठेवून अर्ध्या मोलर सुक्रोजने (साखरेच्या पाण्याने) धुवायच्या आणि प्लास्मिड आत शिरावं म्हणून ०.२ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (छोट्या चौकोनी नळीत) २ ते २.५ किलोव्होल्टचा झटका द्यायचा. धुण्यात क्षार राहिले की ठिणगी उडते, सॅम्पल वाया. सगळं नीट होऊनही प्लेट कोरी निघते, कारण परक्या डीएनएचे हे जिवाणू तुकडे करतात. मग त्यांचेच मिथाइलेज जीन घातलेल्या ई. कोलायमध्ये प्लास्मिड वाढवून घ्यायचं. त्यावर ओळखीच्या खुणा उमटतात आणि ते वाचतं. यातली एकेक पायरी बसवायला महिने जातात.

एमएस्सीसाठी जॅम, सीयूईटी पीजी, गॅट-बी या प्रवेशपरीक्षा आहेतच. त्याआधी उन्हाळ्यात दोन महिने तिने अनएरोबिक चेंबर असलेल्या लॅबमध्ये काम करावं. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात विचारता येईल. ईमेल तिनेच लिहावा, तुम्ही फोन करू नका. चार प्लेट कोऱ्या निघाल्यावरही पाचवी लावावीशी वाटली, तर पीएचडीची पाच-सहा वर्षं तिला पेलतील. नाही वाटली, तर औषध आणि अन्न कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट लागतात. तेही तिनेच ठरवायचं.

त्या पंधरा दिवसांच्या कोर्सची फी भरली नसेल तर भरू नका. ते पैसे तिच्या पुण्यातल्या राहण्या-जेवणासाठी ठेवा.