दुखणं अंगावर काढू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवाच वाचला होता पण ड्युटी संपता संपेना, आणि हे काही दोन ओळींत सांगण्यासारखं नाही म्हणून आज निवांत बसून लिहितेय. रेक्टमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या गुदद्वाराजवळच्या शेवटच्या भागाच्या कॅन्सरचं रेडिएशन सोमवारी सुरू होतंय, सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑफिस, झोप, बसणं-उठणं कसं जमणार असं तू विचारलंस, आणि शेवटी हळूच विचारलंस की ताई, दुखायला लागलं तर कितपत सहन करायचं. त्याचंच उत्तर आधी देते. सहन करत बसायचं नाही, सांगायचं. पहिल्या दिवसापासून.

वॉर्डात मी रोज बघते ना, तुझ्या वयाची मुलं डॉक्टर राउंडला आले की "ठीक आहे" म्हणतात आणि डॉक्टर दाराबाहेर गेले की माझा हात धरून सांगतात की सिस्टर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मग तो अख्खा दिवस वाया जातो, कारण दुखणं एकदा चढलं की ते उतरवायला औषधही जास्त लागतं आणि वेळही. म्हणून गोळी ठराविक तासांनी लिहून दिली असेल तर घड्याळ बघून घ्यायची, दुखायची वाट बघायची नाही. मधेच कळ उठली तर त्यासाठी लगेच काम करणारा वेगळा डोस असतो, तो आधीच लिहून घे आणि दिवसभरात किती वेळा लागला ते मोबाइलमध्ये टिपत जा. सारखा सारखा लागत असेल तर मूळ डोस कमी पडतोय, तेवढं सांगितलंस की डॉक्टर तो बदलतात.

आणि नुसतं "दुखतंय" म्हणू नकोस, कसं दुखतंय ते सांग. ठणका वेगळा, मुरडा येऊन जाणं वेगळं, आणि जळजळ किंवा करंट मारल्यासारखं होणं वेगळं, ते बऱ्याचदा नसेचं दुखणं असतं आणि त्याला साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, त्याची औषधंच वेगळी. अजून एक त्रास लोक लाजेने सांगत नाहीत, सारखी संडासला लागल्याची भावना होते, जाऊन बसलं की काहीच होत नाही किंवा थोडासा चिकट आव पडतो. तिथली गाठ आणि सूज यामुळे ते होतं, पोट साफ झालेलं असलं तरी होतं, तेव्हा कुंथत बसू नकोस, उठून ये आणि हेही टीममधल्या कुणाला तरी सांग.

मॉर्फिन या जोरदार पेनकिलरचं नाव निघालं की घरात सगळे गप्प होतात, त्यांना वाटतं आता संपलंच. तसं काही नसतं रे, उपचार चालू असताना, बरं व्हायच्या वाटेवर असताना सुद्धा ते देतात. देखरेखीखाली, ठरल्या डोसमध्ये घेतलं तर व्यसनाची भीती धरून दुखत पडून राहायचं कारण नाही. सुरुवातीला मळमळ, गुंगी येते, बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, गुंगी आहे तोवर गाडी चालवू नकोस. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही, म्हणून एरवी पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ व्हायचं औषध देतात. तुझ्या बाबतीत रेडिएशनमुळे जुलाबही होऊ शकतात, त्यामुळे आज कुठलं घ्यायचं ते मनाने ठरवू नकोस, फोन करून विचार. आणि मॉर्फिनच्या गोळ्या अचानक बंद तर अजिबात करू नकोस.

आता रेडिएशन लागतं त्या जागेच्या कातडीबद्दल, कारण खरा जीव तिथेच मेटाकुटीला येतो. पहिले दोन आठवडे फारसं काही जाणवणार नाही, मग हळूहळू लालसरपणा, खाज, आग सुरू होते आणि काहींची कातडी सोलून ओलसर होते, गाठ खाली गुदद्वाराजवळ असेल तर जास्तच. प्रत्येक वेळी संडासहून आलास की घासून पुसायचं नाही. कोमट पाण्याने धुवायचं, मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, अगदी दाब न देता, आणि थोडा वेळ मोकळी हवा लागू द्यायची. दिवसातून दोन-तीनदा टबमध्ये कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, त्यात जंतुनाशक, सुगंधी साबण काही टाकायचं नाही, पाणी मनगटावर घेऊन बघायचं कारण सुजलेल्या कातडीला गरम लवकर भाजतं. क्रीम टीमने सांगितलेलंच, आणि सेशनच्या अगदी आधी जाड थर लावून जायचं नाही. चड्डी सैल आणि सुती. लघवीला जळजळ झाली तर तेही सांग, मूत्राशय शेजारीच असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे तू घाबरणार नाहीस. सगळी सेशन संपल्यावर एक-दोन आठवडे त्रास उलट वाढल्यासारखा वाटतो, थकवा तर त्याहून जास्त टिकतो. म्हणजे उपचार बिघडला असं नाही, रेडिएशनचा परिणाम मशीन बंद झाल्यावरही काही दिवस चालू राहतो. तेव्हा शेवटच्या सेशनच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसला हजर व्हायचं कबूल करून बसू नकोस.

ऑफिसचं म्हणशील तर तुझ्या प्लॅनमध्ये साधारण पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशनला जायचंय, प्रत्यक्ष मशीनवर काही मिनिटंच लागतात पण जाणं-येणं, लघवी भरून ठेवून वाट बघणं यात वेळ जातो. साहेबांना आत्ताच सांग, घरून काम जमत असेल तर दुपारनंतरचं माग. बॅगेत जादाची चड्डी, पॅड, बिनवासाचे वाइप्स, जुलाबाची लिहून दिलेली गोळी. फार वेळ एकाच जागी बसू नकोस, झोपताना कुशीवर, गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन.

केमोच्या गोळ्या कॅपेसिटाबिनच्याच ना? सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. चुकली तर पुढच्या वेळी डबल घेऊ नकोस. तळहात-तळपाय लाल होऊन दुखायला लागले, कातडी सोलायला लागली तर रेटू नकोस, फोन कर, डॉक्टर काही दिवस थांबवून डोस कमी करतात आणि ते अगदी नेहमीचं आहे. व्हिटॅमिनच्या गोळ्या मनाने नकोत, फोलिक अॅसिडने या औषधाचा त्रास वाढू शकतो. जुलाब लागले की तिखट, तेलकट आणि जास्त चोथ्याचं बाजूला ठेव, थोडं थोडं खा, ओआरएस चालू कर.

ताप 38 अंश सेल्सियस म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन. पॅरासिटामॉल घ्यायच्या आधी ताप मोजायचाच, नाहीतर ती गोळी ताप झाकून टाकते. जुलाब थांबतच नाहीत आणि लघवी कमी झाली, पोट फुगून उलट्या व्हायला लागल्या आणि गॅसही सरेना, रक्ताच्या गाठी पडल्या, यापैकी काहीही झालं तरी तसंच. आणि एनिमा, गुदद्वारातून घालायची औषधं विचारल्याशिवाय नाही.

ऑपरेशननंतर संडास जमा व्हायला पोटावर पिशवी लागेल का याचं तू मनाला खूप लावून घेतलंयस. कुणाची काही महिन्यांसाठी असते, कुणाची कायमची, तुझं काय ते सर्जनलाच विचार आणि ऑपरेशनच्या आधी स्टोमा नर्सला भेट (स्टोमा म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, त्यावरच पिशवी बसते), कारण पोटावर त्याची जागा कुठे असावी ते तुला उभं करून, बसवून, वाकवून बघून ठरवतात. स्टोमा लाल आणि ओला दिसतो, त्याला स्वतःला दुखत नाही. बाकी तेव्हाचं तेव्हा, मी आहेच.

यापेक्षा महत्त्वाचं, तू विचारलंच नाहीस ते. ओटीपोटावरच्या रेडिएशनने मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर ते सोमवारच्या आधीच करावं लागेल. लग्नाचा विचार नाहीये वगैरे सोड. उद्या सकाळी उठल्या उठल्या डॉक्टरांना फोन करून विचार, त्यासाठी एक-दोन दिवस सुरुवात पुढे गेली तर चालेल का तेही विचार, आणि काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझी,
सिस्टर ताई