एसटीएम३२एफ१०३सी८टी६ ह्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या जागी चुकून सी६टी६ चे ३०० नग मागवले, बोर्ड छापून तयार आहेत, आता काय करू?

आधी पाकीट फोडू नका ओ. सील असेल तर आजच डीलरला फोन लावा, फुटलेली बॅग सहसा कुणी परत घेत नाही. शिवाय ह्या चिपा ओल धरतात, बॅग फोडली की १६८ तासांत सोल्डर व्हायला पाहिजेत, आणि आपल्या बेळगावच्या पावसात तेवढाही वेळ धरू नका.

परत घेत नसतील तर आमचं ऐका. उद्यमबागला छोटं युनिट आहे, शेतातल्या मोटारींचे जीएसएम स्टार्टर (मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारे) करतो. बीओएममध्ये (सुट्या भागांच्या यादीत) मी नुसतं एफ१०३ लिहिलेलं, पोरानं सी६ मागवला, २०० नग. दोन्हीला पाय ४८च, बोर्डावर मस्त बसतोय आणि तिथंच माणूस फसतोय. सी८ ला फ्लॅश (प्रोग्राम ठेवायची जागा) ६४ केबी आणि रॅम (चालताना लागणारी मेमरी) २०, सी६ ला ३२ आणि १०. आमचा प्रोग्राम २६ केबीचा, टाकला, व्हेरिफाय ओके आलं आणि बोर्ड मेलेला, एलईडीसुद्धा लागेना. दीड दिवस लेन्स लावून एकेक पाय बघत बसलो, सोल्डरिंग चुकलंय म्हणून. शेवटी लिंकर स्क्रिप्ट (मेमरीत काय कुठं बसवायचं ते सांगणारी फाइल) उघडली तर स्टॅक (प्रोग्रामची तात्पुरती नोंद ठेवायची रॅम) २० केबीच्या टोकाला ठेवलेला, तिथं सी६ ला रॅमच नाही, सुरू होतानाच हार्डफॉल्ट, म्हणजे चिप चूक पकडून तिथंच अडकते. रॅम १० केबी लिहिली, एलईडी लागला.

मग मॉडेम बोलेना. तो युसार्ट३ ह्या सिरियल पोर्टवर, आणि सी६ मध्ये युसार्ट३ च नाही, टायमर४ नाही, दुसरा एसपीआय आणि दुसरा आयटूसी (बाकीच्या चिपांशी बोलायचे पोर्ट) पण नाही. डिबगचा युसार्ट१ सोडून मॉडेम त्याच्यावर घेतला, दर बोर्डाला दोन वायरी ओढल्या.

म्हणून तुम्ही आधी मॅप फाइल (प्रोग्राममध्ये कोण किती मेमरी खातंय ती यादी) बघा आणि वरच्यातलं काय काय वापरलंय ते सर्किटवर खूण करा. रॅम ७ केबीच्या वर जात असेल तर माझं स्पष्ट मत, कोंबून बसवू नका, चिपा दुसऱ्या छोट्या कामाला ठेवा आणि सी८ मागवा. स्टॅक भरला तर टेबलावर कळत नाही, खानापूरच्या रानात रात्रीच्या थ्री-फेजला मोटार अडकते आणि शेतकरी तिथं उभा असतोय.

आम्ही आता माल आला की एक चिप सॉकेटमध्ये घालून आयडी वाचतो, हेक्समध्ये ४१० आला तर सी८ चं घर, ४१२ आला की बाकीच्या सील बॅगा तशाच बाजूला.