सायकलने मुंबई ते महाबळेश्वर : आंबेनळी घाट झेपेल का?

तुम्ही विचारलंय, सपाटीवर २०० किमी होतात, मग पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठता येईल का. येईल. पण काळजी घाटापेक्षा घाटाआधीच्या कोकणाची करा.

मुंबईहून पोलादपूर साधारण १९० किमी. वाटेत कर्नाळ्याची आणि सुकेळीची खिंड सोडली तर मोठा चढ नाही, म्हणून माणूस पहाटेच्या गारव्यात जोर लावतो. मग ऊन चढतं, शनिवार-रविवारी माणगावात गाड्या तुंबतात आणि महाडला पोचेपर्यंत पाय रिकामे झालेले असतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा जाताना महाडला मुक्काम करावा आणि उजाडता उजाडता पोलादपूरला डावीकडे वळावं. एका दमात जायचा हट्ट पुढच्या वेळी करा.

आता घाट. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर, आणि मध्ये सुमारे ४० किमी. सरासरी चढ ३-४ टक्केच निघतो. अंगावर येते ती लांबी. सायकल, पाणी आणि तुम्ही मिळून ८५ किलो धरलं, तर नुसती ही उंची चढायला शरीर हजारभर कॅलरी जाळतं. भूक लागायची वाट बघू नका. दर अर्ध्या तासाला केळं, राजगिऱ्याची चिक्की किंवा गूळपोळी असं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. बाटलीत लिंबू-मीठ-साखर ठेवा.

गिअरबाबत कंजुषी नको. पुढच्या छोट्या चकतीला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला निदान ३२ दात असू द्या. ३४-३४ वर मिनिटाला ६० पेडल मारलीत तरी ताशी साडेसात किमी मिळतात, आणि गुडघे शाबूत राहतात. सुरुवातीला बोलता येईल इतक्याच दमाने चढा. वाडा कुंभरोशीला, म्हणजे प्रतापगडच्या फाट्याला, अर्धा घाट होतो. तिथे पाणी भरा, पोटभर खा. १६५९ मध्ये अफझलखानाचं सैन्य याच डोंगरावरून रडतोंडीच्या घाटाने जावळीत उतरलं होतं. समोर प्रतापगड दिसतो तेव्हा मला दर वेळी भरून येतं, आणि खरं सांगतो, उरलेले २० किमी त्या जोरावर निघतात.

सराव मुंबईतच सुरू होतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला कान्हेरीचा रस्ता किंवा ठाण्याचं येऊर आठवड्यात दोनदा पुन्हा पुन्हा चढा. नंतर एखाद्या रविवारी जुन्या हायवेने खोपोली, तिथून शिंगरोबाच्या देवळावरून खंडाळा. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, तिकडे वळू नका. शिंगरोबा चढून वर पोचल्यावर आणखी तासभर पेडल मारायची ताकद उरली, तर आंबेनळी झेपेल. जमल्यास २०० किमीची एक ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करा. साडेतेरा तासांची मुदत असते, त्यात थांबे मोजूनमापून घ्यायची सवय लागते.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. जुलै २०२१ मध्ये दरडींनी हा घाट उद्ध्वस्त होऊन बंद पडला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. परतताना घाट उतरणार असाल तर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा. निघण्याआधी ब्रेकपॅड बदलून घ्या, पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा तपासा आणि दोन जादा ट्यूब बरोबर ठेवा. पोलादपूर सोडल्यावर सायकलचं दुकान मिळेल या भरवशावर राहू नका.