इलेक्ट्रिक गाडीची सर्व्हिस: आधी यादी मागा, मग पैशांचं ठरवा

तुमच्या गाडीला दोन वर्षं होत आली, जेमतेम १८,००० किलोमीटर झाले, आणि 'वार्षिक सर्व्हिस ड्यू' असा मेसेज आलाय. सोबत तीन वर्षांच्या प्रीपेड पॅकेजचा आग्रह. "इंजिनच नाही तर सर्व्हिस कसली?" असं तुम्ही विचारलंय. मी आठ वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. सुरुवातीला मीही हेच म्हणायचो, आणि ते निम्मंच खरं निघालं.

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, सायलेन्सर हे सगळं गेलं, म्हणजे पेट्रोल गाडीच्या बिलातला मोठा हिस्सा गेलाच. पण जे उरतं त्यातलं बरंचसं किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर जुनं होतं. त्यामुळे 'गाडी फारशी चाललीच नाही' हा मुद्दा इथे फार कामाला येत नाही.

ब्रेक ऑइलचंच घ्या. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ठरलेला दर्जा) ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंश धरली जाते. एरवी रीजेनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते त्यामुळे, ब्रेक थंडच असतात म्हणून कळत नाही. मात्र बॅटरी १०० टक्के भरून लांब उताराला लागलात, तर रीजेनची वीज ठेवायला बॅटरीत जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ऑइलमधला ओलावा तपासायला दोन मिनिटं लागतात. तपासा म्हणावं, आकडा विचारा आणि मगच बदला. काही कंपन्या दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. टेस्ला दर चार वर्षांनी तपासा म्हणते.

ब्रेक पॅड खूप टिकतात हे खरं, पण न वापरल्यानेही ब्रेक बिघडतात. चौथ्या वर्षी माझं मागचं चाक काढलं, तर बाहेरचा पॅड जवळपास कोरा आणि आतला पार झिजलेला. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजून जाम झाल्या होत्या. साफसफाई आणि ग्रीस, एवढंच काम होतं. पण चाक काढल्याशिवाय ते दिसलं नसतं. म्हणून वर्षातून एकदा चारही चाकं काढून ब्रेक बघणं, याचे पैसे मी बिनतक्रार देतो.

टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, पहिल्या क्षणापासून पूर्ण. साधारण दर १०,००० किलोमीटरला रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागांची अदलाबदल, करा. ते कोणत्याही चांगल्या टायरवाल्याकडे होतं. फक्त जॅक कुठे लावायचा ते त्याला मॅन्युअलमध्ये दाखवा. खाली बॅटरी आहे.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी लोक विसरतातच. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली आणि माझी गाडी ढिम्म, दारसुद्धा किल्लीच्या आतल्या पात्याने उघडलं. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर याच छोट्या बॅटरीवर चालतात. तिसऱ्या वर्षापासून तिची लोड टेस्ट (भार देऊन ती टिकते का ते बघणं) करून घ्या.

केबिन फिल्टर, वायपर घरी बदला. बहुतेक गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कूलंटला मात्र हात लावू नका. काही गाड्यांच्या बॅटरीला वीज जवळजवळ न वाहणारं खास कूलंट लागतं, त्यात दुसरं मिसळलं की महागात पडतं. नारिंगी केबलमध्ये मोठ्या बॅटरीचा हाय व्होल्टेज असतो, तिच्या तर जवळही जाऊ नका.

आता त्या मेसेजबद्दल. सर्व्हिस ॲडव्हायझरला जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची यादी, आधी पाठवायला सांगा आणि मॅन्युअलमधल्या वेळापत्रकाशी ओळ न् ओळ ताडून बघा. एकदा माझ्या चेकलिस्टवर 'इंजिन ऑइल लेव्हल: ओके' अशी टिक होती! कुठे बघितली, विचारलं तर पोरगा हसायला लागला. अशा यादीतल्या बाकीच्या टिकांवर किती विश्वास ठेवायचा, तुम्हीच ठरवा. 'जनरल चेकअप' नावाच्या ओळीत नेमकं काय तपासलं, हे लिहून मागा.

वॉरंटीचा भाग वेगळा. बॅटरीला बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. तिच्या अटींत एखादी तपासणी सक्तीची असेल, तर ती वेळेवर करा आणि बिल जपून ठेवा. तिथे काटकसर नको.

पॅकेज मी घेतलं नसतं. तिसऱ्या ते पाचव्या वर्षात वेळापत्रकात काय येतं ते मोजा: बऱ्याचदा एक ब्रेक ऑइल, एक-दोन फिल्टर आणि बाकी नुसतं बघणं. त्या काळात कूलंट बदलणं येत असेल आणि ते पॅकेजमध्ये लेखी असेल, तर हिशोब पालटू शकतो. टायर आणि बारा व्होल्टची बॅटरी त्यात धरली आहे का, हेही विचारा. माझ्याकडे आलेल्या दोन्ही पॅकेजांत नव्हती.

मॉडेल आणि वेळापत्रकाच्या पानाचा फोटो टाका, ओळ न् ओळ बघू. तोवर गाडी थंड असताना बॉनेट उघडून कूलंटची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, तेवढं बघून घ्या.