घरून बँकेची टेक इंटर्नशिप: ॲक्सेस येईपर्यंत काय करायचं आणि पुढे काय

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या बँकेत टेक्नॉलॉजी इंटर्नशिप मिळाली, ती पूर्ण घरून आहे, पहिला आठवडा संपत आला तरी कोडचं रेपो (टीमचा सगळा कोड ठेवलेला असतो ती जागा) उघडत नाही, मेंटॉर दिवसभर मीटिंगमध्ये असतात, आणि आपण नुसते बसून आहोत असं टीमला वाटेल याची भीती वाटते. शिवाय शेवटी नोकरीची ऑफर मिळायची तर नक्की काय बघतात? मी बँकेच्या पेमेंट सिस्टिमवर बरीच वर्षं काम करतोय आणि घरून काम करणारे इंटर्नही माझ्याकडे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲक्सेसला उशीर होणं हा तुझ्या कामावरचा शेरा नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. बँकेत लॅपटॉप, व्हीपीएन (बँकेच्या नेटवर्कला घरून सुरक्षित जोडणी), व्हर्च्युअल डेस्कटॉप, रेपो, टेस्टचा डेटाबेस, लॉग (सिस्टिमने केलेल्या कामाच्या नोंदी) बघायचं टूल या प्रत्येकासाठी वेगळी रिक्वेस्ट लागते आणि ती मंजूर करणारा माणूसही वेगळा असतो. कामापुरता जेवढा ॲक्सेस लागतो तेवढाच द्यायचा, असा नियम आहे, आणि कोणाला काय दिलं ते ऑडिटमध्ये तपासलं जातं. त्यामुळे कोणी मनात आणलं तरी सगळं एकदम उघडून देऊ शकत नाही.

पण म्हणून वाट बघत बसायचं नाही. सगळ्या रिक्वेस्ट एका पानावर लिहून काढ: कशासाठी, नंबर काय, कधी टाकली, आत्ता कोणाकडे अडकली आहे. मग स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, 'अजून ॲक्सेस आला नाही' असं म्हणू नकोस. 'रेपोची रिक्वेस्ट मंगळवारपासून ॲप्लिकेशन ओनरच्या मंजुरीसाठी पडून आहे, नंबर चॅटमध्ये टाकलाय, कोणी त्यांना आठवण कराल का?' असं म्हण. पहिलं वाक्य ऐकून सगळे हळहळतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. दुसरं ऐकल्यावर कोणीतरी लगेच मेसेज टाकतं, कारण काय करायचं ते त्याला आयतं मिळालेलं असतं.

मधल्या वेळात शिकायला भरपूर आहे. तुझी टीम ज्या सिस्टिमवर काम करते तिच्यातून एक व्यवहार कसा जातो ते कागदावर काढ. ग्राहकाने बटण दाबलं की रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हिसकडे जाते, रांगेत कुठे थांबते, खात्यातली नोंद कुठे होते, रात्रीच्या बॅचमध्ये (एकत्र चालवलेल्या कामांमध्ये) त्याचं काय होतं. अर्ध्या जागा रिकाम्या राहतील. त्या रिकाम्या जागा म्हणजेच तुझे पहिले प्रश्न. टीममधल्या कोणालाही 'पंधरा मिनिटं स्क्रीन शेअर करून हा भाग दाखवाल का?' असं विचारलं तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात. जुन्या बिघाडांचे अहवाल वाचायला मिळाले तर ते आधी वाच. सिस्टिमचं डिझाइन डॉक्युमेंट कधीकधी जुनं झालेलं असतं, पण बिघाडाच्या अहवालात ती खरोखर कशी चालते ते दिसतं.

आता मेंटॉरचं. ऑफिसात इंटर्न अडकली की शेजारच्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळतं. घरून ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे लिहून विचारणं हे इथलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे. माझ्या मते कोडिंगपेक्षाही मोठं. 'हाय, एक मिनिट आहे का?' एवढाच मेसेज पाठवून थांबू नकोस. समोरचा मीटिंगमधून उठून 'बोल' म्हणेपर्यंत तू जेवायला गेलेली असतेस आणि दिवस तसाच जातो. त्याऐवजी असं लिही: 'सेटलमेंट सर्व्हिसची टेस्ट माझ्याकडे फेल होते. एरर खाली दिला आहे. कॉन्फिग फाइल टीमच्या पानाप्रमाणे बदलून पाहिली, फरक नाही. मला वाटतं सर्टिफिकेट जुनं आहे, पण नवीन कुठून घ्यायचं ते सापडत नाही.' याचं उत्तर मीटिंग चालू असतानाही एका ओळीत देता येतं. तासाभराच्या वर एकाच जागी अडकलीस तर विचारच. आणि जमेल तितकं टीमच्या चॅनलवर विचार, खासगीत नाही. मेंटॉर नसले तरी दुसरं कोणी उत्तर देतं आणि तू काय करते आहेस हे सगळ्यांना आपोआप कळतं. तुझ्या भीतीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

काम हातात आलं की ते तुला लहान वाटेल. एखादा रिपोर्ट, एखादी व्हॅलिडेशन (भरलेली माहिती बरोबर आहे का ते तपासणारा कोड), टेस्ट वाढवणं. लहान वाटलं तरी नीट कर, कारण बँकेच्या कोडमधल्या खऱ्या गोष्टी तिथेच शिकायला मिळतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेत रक्कम डबलमध्ये (दशांश आकडा अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवली की ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून पैशांसाठी बिगडेसिमल हा दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार वापरतात. त्यातही ०.१ हा आकडा डबल म्हणून बिगडेसिमल तयार करणाऱ्या कन्स्ट्रक्टरला दिलास तर तीच चूक आत शिरते, तो स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून द्यायचा. आणि २.० आणि २.०० यांची इक्वल्सने तुलना केली तर उत्तर 'समान नाहीत' असं येतं, तिथे फक्त किंमत बघणारं कंपेअरटू लागतं. किंवा समज तुला सांगितलं की सर्व्हिस टाइमआउट झाली (ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही) तर रिक्वेस्ट पुन्हा पाठव. चार ओळींचं काम. पण टाइमआउट म्हणजे पैसे गेले नाहीत असं नव्हे. पैसे गेले असतील आणि फक्त उत्तर परत आलं नसेल, तर तुझ्या चार ओळी ग्राहकाचे पैसे दोनदा कापतील. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक ओळख क्रमांक देतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सिस्टिम पहिलंच उत्तर परत देते. हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्यांनी तुझा कोड तपासताना) कोणी विचारायच्या आत तू विचारलास तर टीम तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, हे मी खात्रीने सांगतो.

रिव्ह्यू आणि मंजुऱ्यांचा कंटाळा येईल तेव्हा नाइट कॅपिटलचं प्रकरण वाच. ही बँक नव्हे, शेअर बाजारातली ट्रेडिंग कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांचा नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर टाकायचा राहिला होता. त्या सर्व्हरवर बरीच वर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला, सुमारे ४५ मिनिटं चुकीच्या ऑर्डर जात राहिल्या आणि ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. आठही सर्व्हर दुसऱ्या कोणी तपासून पाहिले नव्हते. आपण लिहिलेला कोड आपणच मंजूर करून प्रॉडक्शनला (खऱ्या चालू सिस्टिमवर) न्यायचा नाही, हा नियम मला म्हणूनच मनापासून पटतो.

घरून काम करताना दोन बाबतींत मात्र अजिबात ढिलाई नको. एक, कामाचं बोलणं व्हॉट्सॲपवर नेऊ नकोस. इंटर्नचा ग्रुप होणार, तिथे गप्पा मारा, पण कामाचं काही नको. बँकांना कामाच्या संभाषणाची नोंद ठेवावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या कंपन्यांना याच कारणासाठी अमेरिकी नियामकांनी एकूण २० कोटी डॉलर दंड केला होता, आणि त्यानंतर इतर बँकांवरही अशीच कारवाई झाली. दोन, बँकेचा कोड किंवा लॉग बाहेरच्या एआय चॅटमध्ये पेस्ट करायचा नाही, स्वतःला मेल करायचा नाही, स्क्रीनचा फोटोही काढायचा नाही. बँकेने स्वतःचं एआय टूल दिलं असेल तर तेच वापर, नियम वाचून. गावाला किंवा परदेशात जाऊन काम करायचं असेल तर आधी मॅनेजरला विचार. दुसऱ्या देशातून लॉगइन केलं तर टॅक्सपासून डेटाच्या कायद्यांपर्यंत बरेच प्रश्न उभे राहतात.

ऑफरचं सांगतो. आम्ही इंटर्नबद्दल बोलायला बसतो तेव्हा किती कोड लिहिला हे जवळजवळ कोणीच विचारत नाही. 'तिला काम दिलं तर मागे लागावं लागतं का?', 'अडकल्यावर सांगते का?', 'रिव्ह्यूमधली सूचना पुन्हा करावी लागली का?' हेच प्रश्न येतात. घरून काम करणाऱ्यांची एक अडचण खरी आहे: या चर्चेत बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी तुला पाहिलेलंच नसतं. म्हणून दर शुक्रवारी मॅनेजरला पाच-सहा ओळी पाठव. काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. आणि निम्मा काळ संपला की स्वतःहून वेळ मागून स्पष्ट विचार: 'ऑफर द्यायची झाली तर माझ्यात आत्ता काय कमी आहे?' हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात विचारून उपयोग नसतो. तोवर मत झालेलं असतं, आणि जागा आहेत की नाहीत हे तर टीमच्या हातातही नसतं. चांगल्या मुलांना जागा नाही म्हणून ऑफर न मिळाल्याचं मी पाहिलंय, त्यामुळे बाकीच्या मुलाखती सोडू नकोस. नोकरी घरून असेल असंही गृहीत धरू नकोस. २०२० मध्ये कितीतरी बँकांनी इंटर्नशिप ऑनलाइन केल्या, पण नंतर वारं फिरलं. जेपी मॉर्गन चेसने २०२५ मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. ऑफर आली तर कुठल्या शहरात, आठवड्यातले किती दिवस, हे लेखी घे.

रेझ्युमेमध्ये काय लिहायचं तेही आत्ताच मॅनेजरला विचारून ठेव. आतल्या सिस्टिमची नावं आणि कोड बाहेर देता येत नाही, पण 'पेमेंट सर्व्हिससाठी डुप्लिकेट व्यवहार ओळखण्याच्या टेस्ट लिहिल्या' असं वाक्य बहुतेक चालतं. सोमवारी रेपो उघडलं नाही तर ती रिक्वेस्ट कोणाकडे अडकली आहे ते इथे लिही, नाव न घेता. पुढे कोणाला धरायचं ते सांगतो.